बिनशिक्क्याचा परदेश

रक्सौल, धर्मशाळा
फाल्गुन शुद्ध षष्ठी, सन १९५७

श्री. प्रभाकरपंत यांस,

भाऊचा साष्टांग नमस्कार. (खोली इतकी आखूड आहे की पाय लांब केले तर डोकं व्हरांड्यात जातं; तेव्हा आठांपैकी दोन अंगं येणं बाकी समजावी.) तुमचा दमा, वहिनींची कंबर आणि कल्याणच्या तुमच्या वाचनालयाचं छप्पर ही तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता खुशाल. तुमच्या बहिणीने नेपाळात जाऊन महाशिवरात्रीला पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं आणि आज दुपारी ती इथे परत आली. मी मात्र परत आलो नाही, कारण मी गेलोच नाही. संतापू नका, सगळं सांगतो.

पुढल्या रविवारी तुमच्या वाचनालयात ‘माझे परदेशगमन’ या विषयावर माझं व्याख्यान आहे, हे तुम्हीच छापलेल्या पत्रकांवरून साऱ्या कल्याणला ठाऊक आहे. ठाण्याहून निघताना टेंभी नाक्यावर मला हार घातला तोही त्यापायीच. आमचे शेजारी गुप्ते मात्र हार घालताना कानाशी पुटपुटले, की परत आलात की शिक्का दाखवा. हे गृहस्थ एकदा एडनला जाऊन आलेत. तेव्हापासून त्यांचा पासपोर्ट घरात देवाजवळ असतो, आणि पाहुण्याला चहाच्या आधी त्यावरचा जांभळा शिक्का दाखवतात. व्याख्यानाला ते पहिल्या रांगेत बसणार. तेव्हा मला शिक्का हवा होता, दर्शन काय, हिने घेतलं असतं तरी चाललं असतं. (देवाने तेवढंच ऐकलं.)

आता इथल्या सरहद्दीवरचा पूल. मी मनात दोन देशांना शोभेल असं काहीतरी धरून आलो होतो. प्रत्यक्षात आपला कळव्याचा पूल याच्यासमोर उभा केला तर हा लाजून आडवा होईल. खाली नदी म्हणून जे आहे त्यात धोबी उभे राहतात आणि त्यांचे गुडघे कोरडे राहतात. आमच्या यात्रेच्या मंडळींबरोबर आम्ही पायी पुलावर चढलो. मधोमध पोचल्यावर सुमती थांबली. नदी ओलांडायची तर तिची ओटी भरलीच पाहिजे, मग नदी कुठल्याही सरकारची असो. खण, तांदूळ, नारळ असं सगळं तिने कठड्यावरून सोडलं. नारळ वाळूवर धप्पकन पडला, आणि एका धोब्याने तो उचलून कपाळाला लावला. खण त्याने तिथल्या तिथे धुऊनही टाकला.

तेवढ्यात मला आठवलं, की चौकी मागे राहिली आणि मला कोणी अडवलंच नाही! मी उलट फिरलो. हिला म्हटलं, तू हो पुढे, शिक्का मारून आलोच. चौकीवरच्या शिपायाला माझ्या हिंदीत सांगितलं, “हम ठाणेसे आया है, परदेश जाता है, शिक्का मारो.” तो म्हणाला, “बाबूजी, यहाँ मोहर-वोहर कुछ नहीं लगती, जाना है तो जाइए.” आता तुम्हीच सांगा, माझी सारी हयात कचेरीत शिक्के मारण्यात गेली. शिक्का नसलेला कागद मी कधी खरा मानला नाही, तर शिक्का नसलेला देश कसा मानू? मी बाकावर ठाण मांडलं आणि वरच्या अंमलदाराला बोलवा म्हटलं. अंमलदार जेवून, झोपून, सावकाश आला, माझं सारं ऐकलं आणि पोट धरून हसला. तोवर पलीकडून मंडळींची लॉरी काठमांडूला निघून गेली होती.

एकटा पुढे गेलो असतो की, असं तुम्ही म्हणाल. पण शिक्क्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असं मी साऱ्या चौकीला ओरडून सांगून बसलो होतो. मग रोज सकाळी पुलाच्या मध्यापर्यंत जातो आणि परततो. शिपाई लांबूनच “आज भी नहीं?” म्हणून विचारतो. इथल्या एका गवळ्याच्या म्हशी चरायला दिवसातून दोनदा परदेशी जाऊन येतात. त्यांच्याकडे कोणी शिक्का मागत नाही. परवा एक म्हैस पुलावर माझ्याकडे वळून बघत होती. मला फार वाईट वाटलं. त्या रिकाम्या खोलीत हिच्यावाचून करमतही नव्हतं, हेही लिहून टाकतो.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
भाऊ

ता. क. खरं काम हे. गाडी कल्याणला आली की सुमतीला तिथेच उतरवून घ्या. वहिनींची कंबर फार दुखते असं सांगा. व्याख्यानाच्या दिवशी तिला माजघरातून हलू देऊ नका. ती खोटं बोलत नाही, हा तिचा जुना दोष तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायला खळ हिच्या डब्यात आहे. तेवढी मागून घेतो आणि पत्र टाकतो.

दादास सुमतीचा नमस्कार. खळ मागितली, तेव्हाच मी पत्र मागितलं. त्या दिवशी पलीकडच्या टोकाशी मी लॉरी कितीतरी वेळ थांबवून धरली होती. हे चौकीच्या बाकावर हातवारे करताना दिसत होते; मी पदर हलवला, यांनी पाहिलं नाही. सगळं दर्शन मला एकटीने घ्यावं लागलं, त्याचा राग अजून आहे. पण पूल काही कुठे गेलेला नाही. उद्या उजाडताच यांना हाताला धरून पलीकडे नेते, आणि पशुपतिनाथाचा शेंदूर आणलाय, तो तिथेच कपाळावर ठसठशीत लावते. गुप्त्यांना तो शिक्का दाखवू देत. व्याख्यान होऊ दे. पुलापर्यंतचं हे बोलतील, पुढचं मी बोलेन. हार दोन सांगून ठेव, मोठा माझा. वहिनीची कंबर खरंच दुखतेय का, ते कळव.