बुरूज दोनबद्दलचा एकुलता एक बरा अभिप्राय

खडकी, पुणे
३ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
अपेक्षाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आईकडून कळलं की कानातलं यंत्र तुम्ही टेबलाच्या खणात टाकून दिलंय आणि फोन वाजला की मामींकडे बघून हसता. म्हणून हे पत्र. कात्रजला पोचायला चार दिवस लागतील असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. चालत निघाले तर मी त्याआधी पोचेन, पण त्यांना तसं म्हटलं नाही.

आम्ही ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझी नोकरी तीच, सॉफ्टवेअरच्या चाचणीची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायची. कंपनीत मला बघितलं की पोरं लॅपटॉप मिटतात.

काम असं आहे. माझी कॉलेजातली मैत्रीण सोनाली छोटंसं प्रकाशन चालवते. ती 'बुरूज दोन'वर खेळणाऱ्यांच्या अभिप्रायांचं पुस्तक काढतेय. आपल्या बुधवार पेठेतल्या दुकानात भाड्याने जायची ती टीव्ही गेमची कॅसेट. खरं नाव जपानी होतं, कुणाला म्हणता यायचं नाही, म्हणून गिऱ्हाइकांनीच बारसं केलं. पहिल्या भागात बुरुजावरून शत्रूंवर धडाधड गोळ्या झाडायच्या. दुसऱ्यात लढाई संपलेली, शत्रूच नाही. नुसतं गवत उपटायचं, पाणी भरायचं, ढासळलेले दगड रचायचे. सोनालीकडे शंभरावर अभिप्राय जमलेत आणि सगळ्या शिव्या. बाजूने बोलणारं एक तरी माणूस हवं म्हणून ती माझ्या मागे लागली आणि मी हो म्हणून बसले. तीस सप्टेंबरपर्यंत द्यायचंय.

दुकानात अभिप्रायाची वही होती ना? ९७ सालच्या वहीत 'एक खेळाडू' अशा सहीने पाच पानी मजकूर होता, दुसऱ्या भागाच्या बाजूने. तेवढी पानं मिळाली तर फार उपकार होतील. मला ती अगदी हवीच आहेत.

मामींना नमस्कार. आठवण ठेवा, आणि ठेवत नसाल तर पत्र टेबलावर दिसेल असं ठेवा.

तुमची भाची,
अपेक्षा

---

कात्रज, पुणे
९ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र सहाव्या दिवशी आले. पोस्टाचे अभिनंदन.

यंत्र खणात आहे ते खरे. ते लावले की मला तुझी मामी ऐकू येते आणि शेजारची दूरदर्शन मालिकाही ऐकू येते. दोन्हींत काय चालले आहे ते न ऐकताही कळते.

तुझ्या त्या 'एक खेळाडू'ला मी विसरेन होय! गिऱ्हाइकाने अभिप्राय लिहायचा आणि खाली दुकानदाराने उत्तर द्यायचे, ही आपल्या दुकानाची पद्धत. पुष्कळ जण कॅसेट न्यायला नव्हे तर उत्तरे वाचायला यायचे. त्यात या महाशयांना दिलेले उत्तर सगळ्यांत गाजले. शब्दन् शब्द सांगतो. 'खेळाइतकाच लांब आणि खेळाइतकाच काही न घडणारा अभिप्राय. वेळ जात नसेल तर खरे गवत उपटावे, निदान म्हशीचे पोट भरेल.' दुकान भरलेले असताना मोठ्याने वाचले होते. मग वहीतून ती पाने काढून काउंटरच्या काचेखाली लावली, दिवाळीपर्यंत होती, नंतर परत वहीत खोचली. कुणी शिरा ताणून बोलायला लागले की पोरे 'गवत उपट, गवत उपट' ओरडायची. तूही होतीस की तिथे, शनिवारी यायचीस. पोट धरून हसली होतीस.

वही मात्र नाही. दुकान बंद केले तेव्हा सगळ्या वह्या रद्दीत घातल्या. 'बुरूज दोन'च्या चार कॅसेट तेवढ्या माळ्यावर आहेत, रद्दीवालाही घेईना. एक कुरिअरने धाडतो. तो खेळाडू कोण होता, हे तुला कळले असेल तर मलाही कळव. इतका चिकाटीचा मूर्ख पाहण्याची इच्छा आहे.

आईच्या गुडघ्यांना शेक द्यावा. माया आहेच, ती पत्रात लिहून वाढत नाही.

तुझा मामा,
ज्ञानदेव

---

खडकी, पुणे
१५ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

कॅसेट मिळाली. मशीन आईने पलंगाखाली जपून ठेवलंय, त्यामुळे सोय झाली.

तो खेळाडू मीच होते, मामा.

शनिवारी दुपारी एक ते चार दुकान बंद करून तुम्ही घरी झोपायला जायचात आणि मला आत बसवून शटर अर्धं ओढून घ्यायचात. तीन शनिवार लागले लिहायला. मुलींनी गेम खेळणं तेव्हा कुणाला खरं वाटायचं नाही, म्हणून नाव घातलं नाही. मनात होतं की तुम्ही छान उत्तर लिहाल, लोक विचारतील कोण हा, आणि मग मी सांगेन. चौदा वर्षांची होते.

तुम्ही वाचलंत तेव्हा मी हसले, कारण सगळे हसत होते. त्या दिवाळीनंतर मी दुकानात आले नाही. तुम्ही आईला विचारलंत तेव्हा अभ्यास आहे असं सांगितलं होतं. तेव्हापासून चार ओळींपुढे काही लिहिलं की मला ते हसणं ऐकू येतं. ऑफिसातली माझी ईमेलं प्रसिद्ध आहेत, दोन वाक्यांची.

रागाने लिहीत नाहीये. पानं गेली एवढंच वाईट वाटलं. त्यात काय लिहिलं होतं ते माझ्या नीट लक्षात नाही, म्हणून तर मागत होते.

मामींना नमस्कार सांगा.

अपेक्षा

---

कात्रज, पुणे
२१ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास,
आशीर्वाद देण्याचा हात आज जरा जड आहे.

तुझे पत्र मामीला वाचून दाखवले. ती ताटावरून उठली आणि माझ्याशी बोलत नाही. मला ऐकू येत नाही हे खरे, पण न बोलणे बरोबर ऐकू येते.

माझे चुकले. यापुढे 'पण' लिहिणार होतो, खोडले.

दोन गोष्टी तुला ठाऊक असाव्यात. पहिली, मी 'बुरूज दोन' कधीच खेळलो नव्हतो. गिऱ्हाईक परत आणून आपटायचे, खेळात एक म्हातारी येते तिच्यापाशी अडकतो म्हणायचे, त्यावरून माझे मत झाले. पुण्यात दुकान चालवायचे तर मत लागतेच, माल एक वेळ नसला तरी चालतो. दुसरी गोष्ट वाईट आहे. तुझी पाच पाने मी पुरती वाचली नव्हती. पहिले पान वाचले, उरलेली उलटून जाडी पाहिली आणि उत्तर लिहिले. माझे वाक्य मला अठ्ठावीस वर्षे पाठ आहे. लग्नाकार्यांत ते मी स्वतःहून म्हणून दाखवले आहे, एकदा तर तुझ्याच साखरपुड्यात. तुझे एकही वाक्य मला आठवत नाही. गेले चार दिवस तेवढेच करतो आहे, आठवायचा प्रयत्न. येत नाही गं.

माळ्यावरून दुसरी कॅसेट काढली आहे. फुंकर मारून लावली तर सुरू झाली. आता खेळणार. तू मात्र सोनालीसाठी लिही. पाच नव्हे, पन्नास पाने लिही. मी सगळी वाचेन. एवढे म्हाताऱ्याचे ऐक.

मामा

---

खडकी, पुणे
१४ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मध्ये गणपती, आणि मध्ये मी.

तुमच्या पत्राने मी रडले, ते बरं वाटून रडले. वाटलं, चला, आता कुलूप उघडलं. रविवारी सकाळी टीव्हीपुढे बसले. आई शेजारी वाती वळत होती, म्हणाली, तू लहानपणी हे लावलंस की जेवायला हाका मारून घसा बसायचा.

तीन रविवार खेळले, मामा. मला तो आवडला नाही.

गवत उपटलं, पाणी भरलं, दगड रचले. दगड हळू उचलले जातात, तेच तेच संगीत वाजत राहतं, पायऱ्या संपत नाहीत. चाचणीवाल्या बाईच्या डोळ्यांनी मी चुकाच मोजत होते, सत्तावीस निघाल्या. म्हातारीपाशी काय करायचं ते हाताला आठवत होतं, त्यामुळे अडकले नाही. ती बोलली. एके काळी या प्रसंगावर मी अख्खं पान लिहिलं होतं, एवढं नक्की आठवतंय. या वेळी ती बोलत होती तेव्हा मी मोबाइलवर दुधाची ऑर्डर देत होते. लक्षात आलं तेव्हा ती उठून गेली होती.

सोनालीकडचे शिव्या देणारे शंभर जण बरोबर होते असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण मला त्यांच्या विरुद्ध बोलता येत नाही. ज्या मुलीला येत होतं तिची पानं रद्दीत गेली. सोनालीला काय सांगू?

तुमचं कुठवर आलं? डोळ्यांना त्रास होईल इतकं खेळू नका. काळजी वाटते, म्हणजे अजून आपलेपणा आहे असं समजा.

अपेक्षा

---

कात्रज, पुणे
२१ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद, हात आता हलका झाला आहे म्हणून जास्तच.

मी म्हातारीपाशी नऊ दिवस अडकलो. ती येते, पायरीवर बसते, आणि मग कुठलेही बटण दाबा, ढिम्म. मी सगळी दाबली. रिमोटला नाही नाही ते बोललो. परवा तुझी मामी चहा घेऊन आली. तोवर बोलत नव्हतीच, पण चहा द्यायची. मी रिमोट बाजूला ठेवला आणि बशी घेतली. निम्मा चहा झाला आणि पडद्यावर अक्षरे उमटायला लागली. म्हातारी बोलत होती! घाईने बटण दाबले तर गप्प झाली. पुन्हा रिमोट ठेवला, हात मांडीखाली घेतले. तेव्हा बोलली.

तिचा मुलगा पहिल्या भागात बुरुजावर चालून आला होता म्हणे. परत आला नाही. तो इथेच कुठे पडला का, एवढे विचारायला ती आली होती. अगं, पहिल्या भागात मी हजारांनी पाडले आहेत. दुकानात सगळ्यांत जास्त गुण माझे होते, पाटी लावली होती मी. त्यातला तिचा कोणता, काय सांगू? खेळही उत्तर द्यायला बटण देत नाही. ती बसते, मग उठून जाते. मी त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, टीव्हीपुढे डोळे पुसत होतो. मामीने विचारले काय झाले. म्हणजे बोलली.

मग कळले. गिऱ्हाइके बटणे दाबत राहायची, म्हणून ती कधी बोललीच नाही. आणि कॅसेट बिघडली म्हणून मी ती परत घेत राहिलो. हे तुझ्या कुठल्या तरी पानावर लिहिलेले असणार. दुसरे पान उघडले असते तरी कळले असते. तुलाही मी बोलू दिले नाही, पोरी. तू पायरीवरून उठून गेलीस आणि मी दुकानात हशा मोजत बसलो.

सोबत चार पाने जोडतो आहे. रात्रंदिवस नाही, दोन सकाळींत लिहिली. खेळ का बदलला आणि तो बदलला हे कसे बरोबर झाले, असे मला वाटले तसे लिहिले आहे. ती पाने तुझीच आहेत असे समज. हवे ते घे, हवे ते खोड, आणि तुझ्या नावाने सोनालीला दे. तुझेच होते, उशिरा परत करतो आहे. माझे नाव कुठेही नको. एवढे केलेस तर मला झोप लागेल.

लोभ मागायचा हक्क नाही, तरी मागतो.

मामा

---

खडकी, पुणे
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
अपेक्षाचा सा. नमस्कार, वि. वि.

तुमची पानं एकोणतीस तारखेला सोनालीला दिली. तुमच्या नावाने दिली. ज्ञानदेव, निवृत्त दुकानदार, कात्रज, असं छापून येईल. एका शब्दाला हात लावला नाही. शंभर शिव्यांमध्ये तेवढाच एक बाजूने बोलणारा आवाज आहे आणि सोनाली म्हणते की तो आला नसता तर पुस्तक काढण्यात अर्थ नव्हता. रागवा, पण उत्तर लिहून रागवा.

माझ्या नावाने देणं शक्य नव्हतं. मला पटत नसलेलं मी माझं म्हणून कसं देऊ? तुमच्याकडून मी एवढं तरी शिकले आहे, दुसऱ्याच्या मतावर आपलं उत्तर लिहू नये.

आईला राग येत नाही, ती म्हणते भाऊ म्हातारा झाला, सोडून दे. मी सोडलं आहे का ते मला माहीत नाही. तुम्ही माफी मागितलीत ती खरी आहे हे कळतं. ती जिला मागायला हवी होती ती चौदा वर्षांची मुलगी मात्र घरात सापडत नाही. मी शोधते आहे. दिवाळीला आम्ही दोघी कात्रजला येऊ. मामींना सांगा, चिरोटे करू नका, आईला चालत नाहीत, आणि यंत्र कानात घालून बसा. मला जे बोलायचंय ते ओरडून बोलायचं नाही.

तुमची चार पानं मी तीन वेळा वाचली, मामा. फार चांगली आहेत. गवताबद्दल आहे, त्या म्हातारीबद्दल आहे, लढाई संपल्यावर माणसाने काय करायचं त्याबद्दल आहे. प्रत्येक ओळीला थांबून मी विचारलं, हे माझं होतं का? एकाही ओळीने हो म्हटलं नाही.

तब्येत सांभाळा, आणि या भाचीला जवळची समजत राहा.

अपेक्षा