माझ्या खिडकीतली तीन रोपं

१४ मार्च, शनिवार

तिसरंही उगवलं! बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकवून वर आलंय. काढायला गेले तर बोटं वळेनात. राहू दे. त्याचं ते काढेल.

डालिबोरला फोनवर सांगितलं. उगाच सांगितलं. म्हणाला – "आई, तुला वेड लागलंय का? मी नगर पोलिसात. आणि माझी आई खिडकीत गांजा लावते!"

म्हटलं, जानेवारीपासून कायद्यानं घरात तीन झाडं चालतात. तू पोलीस, तुला ठाऊक हवं.

"मला कायदा शिकवू नकोस."

मग कुणाला शिकवू?

१५ मार्च, रविवार

आज मूठ वळायला चाळीस मिनिटं लागली. घड्याळ लावून बघितलं.

एकतीस वर्षं काचेला पैलू पाडले. फिरतं दगडी चाक, त्यावर गार पाण्याची धार, आणि दोन्ही हात दिवसभर त्यात. मी पाडलेले पेले कुठल्या कुठल्या राजवाड्यांत गेले म्हणतात. मी मात्र कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिते, अस्वलासारखी. लिबेरेत्स शहरातला डॉक्टर म्हणतो, "वयाच्या मानानं ठीक आहे." त्याचे हात बघितले मी. लोण्यासारखे! त्यानं दिलेल्या गोळ्यांनी पोट जळतं.

यार्मिला वीस वर्षं माझ्या शेजारच्या चाकावर बसायची. ती या झाडाचं मलम करते, डुकराच्या चरबीत मंद आचेवर. परवा तिनं माझ्यासमोर सुईत दोरा ओवला. माझ्यासमोर! मागितलं तर ती डबीभर देईल. पण मला मागायचं नाही. आयुष्यात एवढं एक तरी माझं मी करीन.

१९ मार्च, गुरुवार

मधलं रोप मान टाकून बसलं. तहान लागली असेल म्हणून पेलाभर पाणी घातलं. दुपारी आणखीच वाकलं. मग आणखी अर्धा पेला. संध्याकाळी तिन्ही माना खाली.

शेवटी समोरच्या हाव्रानेकला बोलावलं. या इमारतीत टोमॅटो म्हणजे हाव्रानेक. जिन्यातल्या खिडक्यासुद्धा सोडत नाही. आला, चष्मा वर केला, बोट मातीत खुपसलं.

"ब्लाझेनाबाई, तुम्ही यांना पाणी घालताय की बुडवताय?"

"मान टाकली होती हो त्यांनी!"

"तहानेनं पान पातळ होऊन पडतं. हे बघा, फुगलंय, जड झालंय. मुळांना श्वास घ्यायला जागा नाही. वरची माती बोटाच्या पेराएवढी सुकू द्या. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तरच घाला, आणि खोडावर नको, कडेकडेनं गोल. मुळं पाण्याला शोधत गेली पाहिजेत."

म्हटलं, मला कुंडी हलकी की जड कळत नाही. बोटांना काही जाणवतच नाही.

त्यानं माझ्या हातांकडे बघितलं आणि लगेच खिडकीकडे बघायला लागला. ती नजर मला नको! कुणाचीच नको.

२० मार्च

स्वयंपाकघरातला तराजू! पोटभर प्यायलेली कुंडी ४६० ग्रॅम, तहानलेली २६०. भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. हाव्रानेकची बोटं हाव्रानेकलाच लखलाभ!

२२ मार्च, रविवार

डालिबोर जेवायला आला नाही. अकराला फोन – "ती झाडं घरात आहेत तोवर मी अनेश्काला तिथे आणणार नाही." अनेश्का, माझी नात, आठ वर्षांची. रविवारी माझ्याकडे जेवते, जन्मल्यापासून.

क्नेडलिक, मैद्याचे उकडलेले गोळे, तिघांचे केले होते. त्यातले सहा एकटीनं खाल्ले, रश्श्यासकट. राग आला की मला भूक लागते.

फोन ठेवता ठेवता म्हणाला, "शिमोनचं एवढं झाल्यावर तू हे घरात आणतेस?"

धाकट्या भावाचं नाव सात वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं त्यानं. आणि काढलं ते माझ्या डोक्यात घालायला.

शिमोननं झाड ओढलं नव्हतं! सर्दीच्या गोळ्या उकळून कुणाच्या तरी न्हाणीघरात केलेली ती पावडर होती. चोविसाव्या वर्षी दात पडले माझ्या पोराचे. माझ्या बापाचं अकॉर्डियन विकलं त्यानं. मग एक दिवस पिशवी घेऊन गेला. त्यानंतर एकच फोन, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी – "आई, मासा तळलास का?" हो म्हटलं. त्यानं ठेवून दिला. आता तो कुठे आहे, आहे का, मला माहीत नाही.

ती रेनाटा. ती त्याच्या आयुष्यात आली आणि सगळं नासलं. तिनंच लावलं त्याला. तिला मी रस्त्यात ओळख देत नाही. देणारही नाही.

झाडं राहतील.

२८ मार्च

२५५ होतं, ४६० केलं. ताटलीत उतरलेलं पाणी ओतून टाकलं. बाकी काही नाही.

२ एप्रिल, गुरुवार

गाढवपणा केला. इथेच लिहिते, इतर कुणापुढे कबूल करणार नाही.

हाव्रानेक आग्या पाल्याचं खत करतो – अंगाला लागला की चटका बसतो तो पाला, पिंपात पंधरा दिवस कुजवून. मी रविवारी बाटलीभर आणून घातलं. वाटलं, तीन आठवड्यांची झाली, भुकेली असतील. सगळ्या घराला असा वास सुटला की खालची क्रौपोवा दोन जिने चढून वर आली.

"तुमच्याकडे काही मेलंय का?"

"अजून नाही. तुम्ही धापा टाकताय, बसा हवं तर."

गेली तणतणत.

आज पानांची टोकं जळलेली. करपलेल्या कागदासारखी, तपकिरी, वर वळलेली. हाव्रानेकला दार वाजवून बाहेर काढलं.

"दहा भाग पाण्यात एक भाग म्हटलं होतं मी!"

"दोन भागांत म्हणालात!"

"दोन? मी? माझ्या टोमॅटोलासुद्धा मी दोनात दिलं नाही कधी! आणि कसलं खत? पिशवीवर वाचलंत का? त्या मातीत पहिल्या तीन-चार आठवड्यांचं अन्न आधीच घातलेलं असतं. तुम्ही जेवलेल्या पोराच्या तोंडात कोंबलंत!"

दारं उघडी ठेवून दोघं ओरडत होतो. सगळ्या इमारतीला कळलं, माझी रोपं पोट बिघडून पडलीत.

तासाभरानं दारात झारी ठेवलेली. आत नळाचं, रात्रभर निवळलेलं पाणी. वर चिठ्ठी – "दोन आठवडे नुसतं हे. जळलेलं टोक हिरवं होत नाही. नवीन पानं बघा, जुन्यांकडे बघत बसू नका."

६ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

अंडी रंगवली. कुंचल्याला रबर गुंडाळून जाड केलं, मग धरता आला. अनेश्कासाठी कोंबडा काढला होता एकावर. कोंबडा कसला, बटाटा. तिला आवडला असता.

हाव्रानेक सकाळी वेताची छडी घेऊन आला, रीतीप्रमाणे पोटरीला हळूच लावली, अंडं आणि आलुबुखाऱ्याची दारू घेऊन गेला. पासष्टीला टेकले मी, तरी या दिवशी कुणी छडी घेऊन आलं नाही तर बाईला वाईट वाटतं. वाटतं म्हणजे वाटतं!

दुपारी डालिबोर. एकटा. दारातूनच म्हणाला, "आई, मी नेतो ती झाडं. गाडीत घालतो. तू काही बोलू नकोस, मीही बोलणार नाही. पुढच्या रविवारी अनेश्काला आणतो."

"मलम विकत आणून देतो," असंही म्हणाला. "दुकानात मिळतं."

"दुकानातलं लावून झालंय. पुदिन्याचा वास येतो, बाकी काही होत नाही."

सरळ आत आला आणि कडेची कुंडी उचलली. मी आडवी उभी राहिले. "ठेव ती. हात लावलास तर मी पोलिसांना फोन करीन. तुझ्याच कचेरीत!"

एक क्षण हसू आलं त्याला. लहानपणी यायचं तसं. मग गेलं. कुंडी परत खिडकीत ठेवली.

"तुला कळत नाही, हे सगळं सुरू कसं होतं."

"मग तू सांग ना! कसं होतं?"

अंडी न घेताच गेला. बटाट्याचा कोंबडा मीच खाल्ला.

१२ एप्रिल, रविवार

नवीन पानं स्वच्छ! एकही टोक जळलेलं नाही. वरच्या पानाला सात बोटं, सगळी सरळ, ताठ. माझ्या दहांपेक्षा बरी.

आज मोठ्या कुंड्यांत हलवली. हाव्रानेक मदतीला येतो म्हणाला. नको म्हटलं. कुंडी दोन गुडघ्यांत धरून उलटी केली, तळहातानं थोपटली, मातीचा गोळा अख्खा बाहेर आला. मुळं पांढरीशुभ्र. तासभर लागला, जमीन भरली, पाठ मोडली. पण केलं! नव्या मातीत खत आहेच, म्हणून वरून काही नाही. शिकते मी. उशिरा का होईना.

सहावा रविवार एकटीनं. मोजत नव्हते, मोजलं गेलं. नाही – चौथा. सहावा वाटला.

१८ एप्रिल, शनिवार

दुकानात रेनाटा. पावाच्या फडताळापाशी, बाबागाडी घेऊन. मी वळले तर समोरच आली.

"ब्लाझेनाकाकू, नमस्कार."

मी तिच्या आरपार बघितलं.

"तुमच्या खिडकीतल्या झाडांचं कळलं. बरं केलंत. हात फार दुखतात ना तुमचे? शिमोन नेहमी सांगायचा."

"त्याचं नाव घेऊ नकोस. तूच दिलीस त्याला."

ओरडले बहुतेक. पैसे घेणारी मुलगी थांबून बघायला लागली. रेनाटा मात्र रागावली नाही. गाडीचा दांडा धरून उभी राहिली.

"मी भेटले तेव्हा तो दोन वर्षं घेत होता, काकू. मी सोडवायला बघत होते. कुणी दिली ते तुम्ही कधी विचारलंतच नाही."

"खोटारडी!" म्हटलं आणि पाव न घेता निघाले.

घरी येऊन तिन्ही रोपांना पाणी घातलं. तहान नव्हती त्यांना. मलाच काहीतरी करायचं होतं.

मग डालिबोरला फोन केला. सांगितलं, ती बया आता असं असं म्हणते, ऐकून घे. वाटलं होतं, चिडेल तिच्यावर. माझ्या बाजूनं एकदा तरी बोलेल.

त्यानं फोन ठेवून दिला.

२० एप्रिल, सोमवार

डालिबोर आला. बूट न काढता स्वयंपाकघरात बसला.

"पहिली पुडी मी दिली त्याला. फुटबॉलच्या मैदानामागे. मी बावीसचा, तो सतरा. मी दोन महिन्यांत सोडली, आई. त्याला नाही जमलं."

तो अजून तिथेच बसलाय, मी इकडे खोलीत हे लिहितेय. मला त्याच्यापाशी जायचंय. उठता येत नाहीये.