रात्री अकराचं ऊन

वाई, शुक्रवार

प्रिय अण्णा,

हे पत्र मी आठवडाभर लांबवतेय. रोज सकाळी वही घेऊन घाटावर जाते, पाण्यात पाय सोडते आणि कुणाची तरी म्हैस पोहताना बघत बसते. लहानपणी तुम्ही निबंध लिहायला बसवलंत की मी तासभर पेन्सिलीला टोकच काढत बसायची, तसं. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि खरंच ठेवता. पत्र मधेच ठेवलंत तरी पुढचं त्यात शिल्लक राहतं.

बुधवारी ब्राह्मीचं लग्न. आणि तिची सख्खी थोरली बहीण त्या मांडवात असणार की नाही, हे अजून ठरलेलं नाही. वाईपासून आपलं गाव माझ्या सायकलला दीड-दोन दिवसांचं. इतके देश करून आले आणि इथं येऊन अडकले, याचं मलाच हसू येतं. अडकले म्हणजे मजेत आहे तशी. संयोगिताच्या घरी उतरलेय. सांगलीत कॉलेजला असताना माझ्या खोलीवर राहायची ती. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, तिनं पुरं केलं, आता पुण्यात नोकरीला आहे. इथं तिचे आईवडील असतात, सुलाबाई आणि लालासाहेब. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आले. मी आल्या दिवशी सोप्यात सायकल मिटून ठेवली तर म्हणाले, "कंबरेतच मोडलीय की गं ही. प्लॅस्टर घाल तिला." आता रोज सकाळी तेच ती गल्लीत फिरवतात आणि कुणी हसलं की दम भरतात, "जग बघून आलीया ती, नीट बोलायचं तिच्याशी."

तुम्ही ती सायकल कधी नीट बघितलीच नाहीत. मी निघाले तेव्हा उसाला पाणी पाजायचं निमित्त करून गेलात. एकदा मिटून तर बघा, अण्णा. मधली बिजागरी सोडायची, पुढचं चाक मागच्याला टेकवायचं, सीट खाली दाबायची, की झालं गाठोडं. तुर्कस्तानात एका म्हातारीनं बसमध्ये ते मांडीवर घेतलं होतं, मला झोप लागली म्हणून. उतरताना तिनं माझ्या खिशात अक्रोड कोंबले. तिथले अक्रोड आपल्याकडच्यापेक्षा लय गोड असतात, पण ते जाऊ दे. मी फोटोचं सांगणार होते.

नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. आकाशाच्या कडेनं नुसता फिरत राहतो. हे शाळेच्या पुस्तकात असेलही, मी त्या तासाला बाहेर असणार. त्या दिवशी वारा तोंडावर होता, सायकल चालवली कमी आणि ढकलली जास्त. थांबले तेव्हा घड्याळात रात्रीचे अकरा आणि समुद्रावर लख्ख ऊन. भात टाकला, आईच्या चटणीतली शेवटची चिमूट घालून आमटी केली आणि फोटो काढला. पुढं ताट, मनगटावर घड्याळ, मागं सूर्य. दिवस मावळल्यावर न जेवायचा आपला जैनांचा नेम, आणि तिथं दिवस मावळतच नाही, म्हणून सगळे हसतील असं वाटून घरी पाठवला. तो फोटो फिरत फिरत नवरदेवाच्या काकांपर्यंत गेला. त्यांनी सूर्य बघितलाच नाही, घड्याळ बघितलं. "थोरली मध्यरात्री जेवती आन् फोटो बी टाकती" असं चारचौघांत बोलले. ब्राह्मीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "तिथला सूर्य तिथल्या लोकांचा. आपल्या गावात तवा रातच होती." अण्णा, मग आपल्या गावात दुपार असते तेव्हा जगात कुठं ना कुठं रात्र असतेच. काकांनी जेवूच नये कधी.

हसू नका. नाही तर हसाच, बरं वाटेल. कारण त्यानंतर तुमचा फोन आला तो काही हसायचा नव्हता. "बस्तीत देवापुढं, समाजापुढं हुबी ऱ्हा. चुकलं म्हण. उपाध्ये सांगतील ते प्रायश्चित्त घे आन् ये मांडवात. दोन मिन्टाचं काम हाय." दोन मिनिटांचं काम तुम्ही मला आयुष्यात कधी टाळायला शिकवलं नाहीत, हे खरं. पण चुकलं नसताना चुकलं म्हणायलाही शिकवलं नाहीत.

कवठे महांकाळचं ते लग्न आठवतं? मी आठ-नऊ वर्षांची असेन. थंडीचे दिवस, पंगत लांबली होती. पानं मांडून झाली, जिलब्यांचा वास मांडवभर, आणि तुम्ही मला हाताला धरून उठवलंत. यजमान मागं पळत आले, "अण्णाप्पा, सहाच वाजत्यात की अजून, बसा." तुम्ही मावळतीकडं बोट केलंत आणि म्हणालात, "घड्याळ माणसानं केलंय, पावणं. ते मागंपुढं व्हतंय. सूर्याला कोण हात लावणार?" मी अख्ख्या वाटेत भुकेनं रडत होते. तुम्ही समजूत घातली नाहीत, नुसतं खांद्यावर घेतलंत. सगळा मांडव आपल्याकडं बघत होता आणि मला भुकेपेक्षा जास्त काही वाटलं असेल तर ते हेच, की माझा बाप कुणाला भीत नाही.

ते वाक्य मी घेऊन हिंडले, अण्णा. फिनलंडमध्ये हिवाळ्यात दिवस इतका आखूड की न्याहारी संपेस्तोवर जेवण उरकावं लागायचं. पुढचा सगळा अंधार उपाशी. वसतिगृहातली पोरं गरम सूप घेऊन बसायची, मला हाका मारायची. चमचाभर घेतलं असतं तर सांगलीत कुणाला कळलं असतं? मी कोपऱ्यात बसून सायकलच्या बिजागरीला तेल घालायची. एवढं तेल जगात कुठल्या बिजागरीला मिळालं नसेल. कंदमुळांत बटाटा तेवढा खाल्ला, तो आपल्या घरीही पर्वाचे दिवस सोडून शिजतो. बाकी कुणाच्याही पुढं ताठ उभी राहीन. आणि बघा, इथं सुलाबाईंना आपल्या नेमाचं काही देणंघेणं नाही, तरी पाच वाजले की हाक मारतात, "ऊन हाय तवर खाऊन घे गं." परक्या घरात माझा नेम पाळला जातो आणि आपल्या घरात त्यावर चौकशी बसते.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. सोयरीक चांगली आहे, पोरगा चांगला आहे, ब्राह्मीला पसंत आहे. एका काकापायी ती मोडायला नको. थोरलीनं मान तुकवली की धाकटीचं सुरळीत होतं, एवढाच हिशेब तुम्ही केला असणार. पण उद्या त्याच घरात ब्राह्मीवर कुणी खोटा आळ घेतला, तर ती कुणाकडं बघून उभी राहणार? दोन मिनिटांत चूक कबूल करून मोकळ्या झालेल्या आक्काकडं?

म्हणून लिहितेय. परवानगी मागायला नाही आणि माफी तर नाहीच. मी मागतेय ते एक वाक्य, आणि ते मी नाही, तुम्ही बोलायचं. व्याह्यांसमोर, काकांसमोर. माझ्या पोरीनं नेम मोडलेला नाही, एवढंच. तुम्हाला ते खरं वाटतं हे मला माहीत आहे, नाही तर फोनवर तुमचा आवाज इतका बारीक झाला नसता. बोललात तर मी नवं लुगडं नेसून मांडवात ब्राह्मीच्या मागं उभी राहीन. नाही बोललात तर बुधवारी मांडवाच्या बाहेर रस्त्यावर सायकल लावून उभी राहीन, आल्यागेल्याला नमस्कार करत. बस्तीत मात्र उभी राहणार नाही. इथपर्यंत लिहिलं आणि सुलाबाईंनी खालून हाक मारली, कोण आलंय बघ म्हणून. अण्णा, ब्राह्मी आलीय. एकटी, एसटीनं, पाठीला कॉलेजची जुनी सॅक लावून. तुम्ही तिला शोधत असाल तर शोधू नका, स्वयंपाकघरात चहा पितेय. नवरदेवाला सांगून आलीय आणि तो हो म्हणालाय, त्यामुळे सोयरिकीची काळजी सोडा. वरचं सगळं तिनं वाचलं आणि तुम्हाला निरोप देतेय, तो तिच्याच शब्दांत लिहिते. "अण्णांना म्हणावं, एकीला न्यायला आला न्हाईत, आता दोघींना न्यायला यावं लागतंय. आन् येताना ते एक वाक्य बोलून या."

तुमच्याच वळणावर गेलेली तुमचीच,
चंदनबाला