धाब्यावरच्या उड्या आणि बावीस पावलं

५ फेब्रुवारी, गुरुवार
अण्णाला उचलताना मायच्या कमरेत कट्कन वाजलं. मला ऐकू आलं. ती तशीच वाकून चुलीकडे गेली, अन् वाकूनच भाकरी थापल्या.
दिवाळीनंतर अण्णाची, माझ्या बापाची, उजवी बाजू गेली. हात, पाय, निम्मं तोंड. ओसरीतल्या खाटेपासून संडासापर्यंत बावीस पावलं आहेत, मोजली. खाटेवर भांडं देऊ केलं की अण्णा भिंतीकडे तोंड करतो. यात्रेत कुस्त्या मारलेला माणूस, त्याला चालूनच जायचंय. वजन अठ्ठ्याहत्तर किलो. माझं चोपन्न.
मायला म्हटलं, आता मी एकटाच उचलीन, तेवढी ताकद करतो. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कुठंही जात नाही.
ती म्हणे, "तू? आखाजीलोंग?"
हसली नाही. नुसतं विचारलं.

८ फेब्रुवारी, रविवार
मोबाईलवर एक हिंदीवाला सापडला. घरच्या घरी, सामान नको म्हणतो. वीस सेकंद जीव तोडून उड्या, दहा सेकंद श्वास, परत वीस. त्याचं म्हणणं, नुसतं वजन उचललं तर ताकद येते पण दम लागतो, अन् नुसत्या उड्या मारल्या तर दम येतो पण उचलायला गेलं की हात थरथरतात. दोन्ही पाहिजे, वेगवेगळ्या दिवशी. हे पटलं. अण्णाला उठवायला ताकद, बावीस पावलं न्यायला दम.
सोम बुध शुक्र = व (वजन). मंगळ शनि = उ (उड्या). लिहून ठेवतो, नाहीतर आठ दिवसांत मलाच कळायचं नाही.
वजन काय? तेलाच्या दोन कॅन पाणी भरून. खताच्या गोणीत माती. अण्णाचं तालमीतलं मुगदल दाराला अडसर म्हणून लावलंय, ते उचलून बघितलं. परत दाराला लावलं.

११ फेब्रुवारी, बुधवार
व. गोणी खांद्यावर घेऊन बैठका ३ × ८. संडासाला बसलो तर उठता येईना. अण्णाला दोन वेळा नेलं, माय डाव्या बाजूला होतीच. तिची कंबर शेकायला वीट गरम केली.
बाकी काही नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
उ. झाल्या नाहीत. उडीची दोरी घ्यायला शहाद्याला गेलो. स्टँडवर धडगावची जीप भरत होती, एक जागा शिल्लक. बसलो. का बसलो माहीत नाही. घाटात एक म्हातारा डिंकाची पिशवी मांडीवर घेऊन होता. त्यानं पावरी बोलीत काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. तो खूश झाला. धडगावात चहा प्यालो, सरकारी कचेरीसमोरच्या ओट्यावर बसलो, लोक कागद घेऊन आत-बाहेर करत होते ते बघत राहिलो. परत यायची जीप लवकर भरेना.
घरी आलो तर माय ओसरी धूत होती. गोधडी दोरीवर. अण्णा भिंतीकडे तोंड करून.
दोरी घ्यायची राहिलीच.

२१ फेब्रुवारी, शनिवार
नीट लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो.
ओसरीत अण्णासमोर उड्या मारायची लाज वाटते, अंगणात गल्ली बघते. म्हणून दुपारी शिडी लावून धाब्यावर गेलो. वर मोकळं, वारा, कुणी नाही. माय शेतात मिरच्या तोडायला. जायच्या आधी अण्णाला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली. शहाद्याहून व्यायामवाली मॅडम दर मंगळवारी येतात, त्यांनी सांगितलंय, पाठ सोलवटू नये म्हणून दुपारी कुशीवर ठेवा.
आपलं घर स्लॅबचं नाही. लाकडाच्या सऱ्या, त्यावर काड्या, त्यावर खारी माती. जन्मापासून त्याखाली झोपतोय. पावसाआधी त्यावर माती पसरायला मीच चढतो. तरी डोक्यात आलं नाही.
व्हिडिओ वीस मिनिटांचा. पूर्ण केला. पहिल्यांदाच पूर्ण केला म्हणून जरा वेळ वरच बसलो.
खाली आलो तर अण्णाचा चेहरा पांढरा. माती. कपाळावर, ओठांवर, कानात. डोळ्याच्या खाचेत ओली होऊन बसलेली. चांगला हात अंगाखाली दाबलेला, मीच दाबून ठेवलेला. तोंडातून बारीक आवाज येत होता, तो किती वेळ येत होता कोण जाणे. माझ्या कानात तो हिंदीवाला होता.
ओल्या फडक्यानं पुसलं. वाटायला पाहिजे होतं ते काही वाटलं नाही. फडकं दोनदा पिळलं एवढं आठवतं.
माय आली, वर बघितलं, अण्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"कितला येळ?"
मी म्हटलं, वीस मिनिटं.

२२ फेब्रुवारी, रविवार
जावेदला बोलावलं. मित्र म्हणजे तोच. पपईचा ट्रक चालवतो, इथून दिल्लीकडे. दोन हंगाम मीही त्याच्यासोबत होतो, आलटून पालटून चालवायला. धाब्याला पडलेली फट त्यानं खालून बोट घालून बघितली.
"चक्री, धाबं तोडीसन ताकद येस का रे?"
चक्री म्हणजे मी. एका जागी राहत नाही म्हणून शाळेपासून.
नाल्याकाठून खारी माती आणली, अठरा घमेली शिडीवरून वर. जावेद खाली भरून द्यायचा अन् मोजायचा. म्हणे, हाच व्यायाम कर, मोबाईलमध्ये तरी काय ठेवलंय. जाताना ट्रकच्या ताडपत्रीचा रुंद पट्टा दिला, कडीवाला. मॅडमनी कमरेला बांधायला पट्टा सांगितला होता, धरून उठवायला. तो म्हणे, "अण्णाले बांध. पन गाडी भरानी येळले माले परत दे, दुसरा नही मन्हाजोडे."
अण्णा सगळा वेळ छताकडे बघत होता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
आता ओसरीतच. अण्णाच्या खाटेसमोर. जागा दुसरी नाही अन् धाब्यावर परत चढणार नाही.
मंगळवारी उ., बुधवारी व. बैठका मारताना पायावर काठी बसली. डाव्या हातानं मारली अण्णानं. मला वाटलं चिडला, माती आठवली. परत बैठक, परत काठी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. तेव्हा कळलं, गुडघे आत येत होते. बाहेर काढले. काठी थांबली.
काठी अशीच पंचवीस वर्षांपूर्वी तालमीत पोरांना मारायचा म्हणे.

४ मार्च, बुधवार
होळीला सगळा डोंगर खाली आलाय, स्टँडवर जीपा टपापर्यंत भरून. फाट्यापर्यंत गेलो होतो. उभा राहिलो. ढोल लांबून ऐकला. परत आलो, व. होतं.
मोबाईल आता अण्णाकडे असतो. डाव्या अंगठ्यानं तोच वेळ लावतो. दहा सेकंद संपले की काठी जमिनीवर. मी थांबलेलो असतो तेव्हा तो आपला उजवा पाय खाटेवरून सरकवायला बघतो. टाच एखादा इंच हलते. माझे वीस, त्याचे दहा. दोघंही एकमेकांकडे बघत नाही.

९ मार्च, सोमवार
शनिवारच्या उ. बुडल्या होत्या (जावेदच्या गाडीचा टायर, मग टायरवाल्याकडे कबुतरं होती, ती बघत बसलो). म्हणून आज दोन्ही एकदम केलं. आधी उड्या, मग लगेच गोणी. अण्णा काठी आपटून नको नको करत होता. मी ऐकलं नाही.
अर्ध्या तासानं त्याला संडासाला न्यायचं झालं. उठवला. पट्टा धरून निघालो. चौदाव्या पावलाला माझ्या मांड्या विरघळल्यासारख्या झाल्या. पडलो असं नाही, हळूहळू खाली बसत गेलो, तो माझ्यावर. अठ्ठ्याहत्तर किलो छातीवर. लागलं कुणालाच नाही.
मी खाली, तो वर, तोंड माझ्या तोंडाजवळ. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता कळलं नाही, तोंड अर्धंच हलतं. माय धावत आली, दोघांकडे बघून म्हणे, "कोन चीत व्हयना?"
अण्णानं डाव्या बोटानं मला दाखवलं.
मग मायनं एका बाजूनं धरलं. परत तिचीच कंबर.

१७ मार्च, मंगळवार
आता दिवस अण्णा ठरवतो. बोटं दाखवतो. एक म्हणजे व., दोन म्हणजे उ., सगळा पंजा म्हणजे गप बस. काल पंजा होता. दिवसभर बसून राहणं जड गेलं. अंगणात फिरत राहिलो.
मॅडम आल्या. पाय बघितला, गुडघ्यावर जोर लावायला सांगितला, त्यानं लावला. त्या म्हणाल्या, जे यायचं ते याच महिन्यांत येतं, रोज उठबस झाली तर. खंड पडला तर आलेलंही जातं. मला म्हणाल्या, उठवताना ओढू नका, पुढे वाकवा, नाक पायाच्या अंगठ्यापुढे गेलं की तो आपोआप उठेल.
बैठकीतही तेच. नाक पुढे.

२९ मार्च, रविवार
लिहायला अकरा दिवस जमलं नाही. व्यायाम मात्र चुकला नाही, हे नवीनच.
गोणी आता चाळीस किलोची, ३ × १२. उ. आठ फेऱ्या. अण्णाला मी एकट्यानं नेतो, पाच दिवस झाले. माय शेतातून दुपारी घाईनं येत नाही. खुर्चीवरून तो सलग चार वेळा उठला. मी फक्त पट्टा धरून.
अन् आज पट्ट्याची कडी त्यानं स्वतः काढली. डाव्या अंगठ्यानं, एका झटक्यात. काढून पट्टा माझ्याकडे फेकला, बक्षिसाच्या फेट्यासारखा.
जेवताना मायनं मला जास्तीची भाकरी वाढली.

७ एप्रिल, मंगळवार
जावेदचा फोन. सोबतचा चालवणारा पळाला. हंगामातली शेवटची गाडी, शुक्रवारी सकाळी दहाला फाट्यावर. दिल्लीत पपई उतरवली की तिथून वर काश्मीरपर्यंत दुसरा माल मिळतोय, महिना-दीड महिना लागेल. बर्फ बघू म्हणे. त्याचं बोलणं संपायच्या आधी मी हो म्हटलेलं होतं.
फोन ठेवल्यावर पाय आपोआप हलायला लागले. बसल्या बसल्या.
शेवटी तो म्हणाला, पट्टा आठवणीनं आण, ताडपत्री उडते.
मायला सांगितलं. ती मिरच्या निवडत होती. "जाय. मन्ही कंबर आते बरी शे." बरी नाही. उठताना अजून भिंत धरते.
अखाजीचं तिनं काढलं नाही. मीही नाही. बारा दिवस राहिलेत.
अण्णा खाटेवरच होता, तीन हातांवर. त्यानं ऐकलंच असणार. आज मंगळवार, दोन बोटं दाखवायला पाहिजे होती. हात वर केलाच नाही. मी स्वतःच मोबाईल लावून उड्या मारल्या. काठीशिवाय कधी थांबायचं कळत नव्हतं.

८ एप्रिल, बुधवार
बोट नाही. व. केलं. गुडघे आत आले असतील तर माहीत नाही.
संडासाला नेताना पुढे वाकलाच नाही. पोत्यासारखा उचलावा लागला. उचलला. मला जमतंय म्हणजे. ह्याच्यासाठीच केलं होतं सगळं.

१० एप्रिल, शुक्रवार
सकाळचे साडेआठ. पिशवी भरून झाली. मायनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी अन् ठेचा बांधून दिला. ती शेतात गेली नाही, आत काहीतरी घासते आहे. तेच पातेलं दोनदा घासलं.
सात वाजता अण्णानं काठी आपटली. बघितलं तर एक बोट. शुक्रवार, व. मी गोणी घेतली. त्यानं वेळ लावली. गुडघ्यावर दोनदा काठी बसली. बारा-बारा-बारा. मग त्यानं खुर्ची दाखवली. पट्टा बांधला. नाक पुढे, अन् उठला. मी पट्ट्याला दोन बोटं लावून, नुसती लावून. तो चालला. उजवा पाय घासत, थांबत, पण चालला. मी मोजत होतो, तोही मोजत होता, ओठ हलत होते. एकोणीसला थांबला. पुढची तीन मी धरून नेलं.
परत येऊन खुर्चीवर बसला. घामानं बंडी ओली.

नऊ वाजले. पट्टा सोडायला वाकलो तर त्यानं माझा हात बाजूला केला. स्वतः सोडणार. ठीक. समोर पायरीवर बसलो.
डावा अंगठा कडीवर ठेवतो, दाबतो, निसटतो. परत.

सव्वानऊ. फाट्यापर्यंत चालत पंचवीस मिनिटं. जावेदचा फोन येऊन गेला, उचलला नाही. त्याला काय सांगू, पट्टा बापाच्या कमरेला आहे म्हणून? अण्णाच्या मांडीवर मोबाईल अजून सकाळचाच लावलेला आहे, वीसला वाजतो, दहाला वाजतो. वाजला की त्याचा अंगठा थांबतो, परत वाजला की चालू होतो.
माय दारात येऊन उभी राहिली. मुगदल बाजूला सरकवून दार पूर्ण उघडलं तिनं.

साडेनऊ. वाट बघताना मागची पानं चाळली. २९ मार्चला मीच लिहून ठेवलंय, कडी त्यानं काढली, एका झटक्यात.
तो माझ्याकडे बघत नाही. कडीकडे बघतो. अंगठा कडीवर आहे.
मी हात लावत नाहीये. पिशवी खांद्यावरून उतरवलेलीही नाही.
परत वाजलं.