आरशात बघून बोलायचं

प्रिय चिमणे,

समोरची इमारत जळाली आणि तू बदली मागून गेलीस, ती घराकडे फिरकलीच नाहीस. फोनवर नुसतं 'बरी आहे'. तू बरी नाहीस हे न कळायला मी काय परकी आहे? तरी माझी बहीण अग्निशमन दलात आहे हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतेच. कंटाळलीत बिचारी.

आता माझ्या पार्लरची गंमत ऐक. आगीनंतर आरोग्य केंद्राने समुपदेशक बाई पाठवल्या. सभागृहात खुर्च्या गोल मांडून त्या एकट्याच बसून राहायच्या. तिथे गेलं की वेडाचा शिक्का बसणार, म्हणून कुणी फिरकेना. एकदा त्या केस कापायला माझ्याकडे आल्या. शेजारच्या खुर्चीतली शिंपीणबाई, गळ्याभोवती टॉवेल, आरशात बघत धुराबद्दल बोलत होती. घरी कधी चकार शब्द काढला नव्हता तिने! बाईंनी तिथेच ठरवलं. आता दर गुरुवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही बसतो. एकमेकींकडे नाही, आरशात बघून बोलायचं. कुणी रडलं की मी कात्री थांबवायची आणि तोंडही, असं बाईंनी बजावलंय. दुसरं मला किती जड जातं ते तुला ठाऊकच आहे.

निमित्ताला केस हवेतच, त्यामुळे गल्लीत कुणाचे खांद्याखाली उरले नाहीत. आईसुद्धा येते. शेगडी पेटवायला घाबरायची, आता स्वतः चहा करते. या बायकांचा मला फार अभिमान वाटतो गं.

गेल्या गुरुवारी घड्याळवाल्या काकू पहिल्यांदा बोलल्या. तू त्यांना खाली आणलंस, मग काकांसाठी परत वर गेलीस आणि रिकाम्या हाताने आलीस. ते ओझं तू अजून वाहतेयस. पण काका त्याआधीच गेले होते, चिमणे. काकूंच्या मांडीवरच. हे ठाऊक असून त्यांनी तुला परत आगीत पाठवलं, काकांना तिथे तसंच सोडून येववेना म्हणून. तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्यांना विचारूनच हे लिहितेय. त्यांना तुझी माफी मागायची आहे, तीही आरशात नाही, तुझ्याकडे बघून. आगीनंतर गल्लीबाहेर पाऊल न टाकलेल्या काकू तुझ्याकडे यायला बसचं तिकीट काढायला निघाल्यात. मी त्यांना गुरुवारपर्यंत थांबवलंय. तू ये.

तुझीच, बडबडी
ताई