वीस तारखेच्या आत

दि. ११ जुलै
ती. दादास शि. सा. न.
आधी बसून घे, मग रागाव. रविवारी चिरंजीव घरी आले. पिशवी धुवायला घेतली, तर तळाशी फडक्यात गुंडाळलेलं तीन धारांचं पातं निघालं. काय हे, विचारलं तर तोंड शिवल्यासारखा गप्प. मारामारीत सापडला तेव्हा न्यायाधीशबाईंनी त्याला वर्कशॉपात काम शिकायला तुझ्या हवाली केलं. आता तुझ्याकडे राहणार की सुधारगृहात जाणार, ते वीस तारखेला ठरणार. पातं मी पिठाच्या डब्यात लपवलंय. काय करू, लगेच कळव.
तुझ्या आधारावर असलेली,
धाकटी

दि. १४ जुलै
चि. धाकटीस अ. उ. आ.
ते आधी पिठातून काढ, गंजेल! अगं, तो स्क्रेपर आहे. बेअरिंगमधले केसाएवढे उंचवटे खरवडायचं अवजार. जुन्या कानशीतून पोराने स्वतः घडवलंय, तिन्ही कोन बरोबर साठ अंशांचे. मी दोनदा मोजले. मला पुस्तकातली चित्रं बघत तीन वर्षं लागली, या पठ्ठ्याला चार महिने! मूठ बसवायला घरी लाकूड शोधणार होता. गप्प बसला ती चूक माझी. अपुरं काम कुणालाही दाखवायचं नाही, हा माझ्या वर्कशॉपचा नियम. ‘कुणालाही’मध्ये आई धरायची नाही, हे सांगायचं राहिलं.
काळजी सोड, माया राहू दे.
दादा

दि. २० जुलै
चि. धाकटीस अ. उ. आ.
पोरगा माझ्याकडेच राहिला! 
कोर्टात बाईंनी त्याला विचारलं, जुने दोस्त भेटतात का?  त्याने सरळ सांगितलं, आमच्या टोळीचा सेनापती बुटक्या आला होता. शनिवारी सहाला पलीकडच्या गल्लीशी भिडायचं होतं, म्हणून दोन टोकदार पाती मागत होता. याने त्याला म्हटलं, शनिवारीच पाचला वर्कशॉपात ये, कानस मारून लोखंडाची एक बाजू सपाट करून दाखव, मग बघू. बुटक्या ईर्ष्येने घासत बसला. साडेसातपर्यंत बाजू सपाट झाली नाही आणि तिकडे सेनापतीच नाही म्हणून सगळे घरी गेले. मी तिथेच लेथवर होतो, मला वाटलं शिकायला आलाय!
बाईंनी फायलीआड हसू लपवलं.
बुटक्या अजून रोज येतो. पाती मागायचं सोडलंय, आता एप्रन मागतो. दोन शिवून पाठव, एक आखूड.
आहे ती माया वाढती ठेव.
दादा