फाटकापुढचा आंबा

जयनगर, बेंगळुरू

तीर्थरूप आईस,

कंबर धरल्यामुळे पद्मनाभचा उभ्यानेच साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत?

तू इथे आलीस की ज्याच्या सावलीत तांदूळ निवडतेस, त्या महापालिकेच्या आंब्याला खोडकिडा लागला होता. गल्लीतले म्हणाले, तोडा. पण बेळगावकडच्या वृक्षाधिकारी शिवलीलाक्कांनी एकेका भोकात तार घालून अळ्या काढल्या, औषधाचे बोळे कोंबले, वर चिखल लिंपला. तुझ्याहून सफाईनं, रागावू नकोस. अशी तपश्चर्या आमच्या पाठशाळेतही पाहिली नव्हती. मी कौतुकानं वृक्षस्तुतीचा श्लोक सुरू केला, तर वरून म्हणाल्या, "श्लोक मागनं म्हणा की सर, शिडी स्वल्प घट्ट धरा!"

एक फांदी गेलीच. काल मात्र उरलेल्यांवर तांबूस पालवी दिसली, म्हणून हे लिहितोय. तोवर तुला कळवायचं धाडस होईना.

तुझा,
पद्मनाभ